रविवारी न येणारा खोकला

प्रिय मुकादम,

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणत तू पाकीट उलटंसुलटं करून बघशील, हे मला इथे बसून दिसतंय. पण तुमचा तो फोन बाहेरच्या खोलीत आणि बाहेरच्या खोलीत हेडबाई. तुझ्या ताईंना मी तोंडावर कधी हेडबाई म्हटलेलं नाही. पण शाळेतून निवृत्त होऊन इतका काळ लोटला, तरी त्या फोनवर 'बोला' म्हणाल्या की मी इकडे खुर्चीतून उठून उभा राहतो. अशा बाईंच्या कानादेखत बायकोशी काय बोलणार, कपाळ? म्हणून पत्र. तू एकटीने वाच. त्या विचारतीलच, काय लिहिलंय भाऊजींनी. तर सांग, तुझ्या खोकल्यावर उपाय लिहिलेत. आणि ते खोटं नाही. खोकल्याबद्दलच लिहितोय.

आधी घरची खबर देतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. खिडकीतली कुंडी जिवंत आहे. दुधाचं पातेलं मात्र गेलं. आधी मी ते काळं केलं आणि मग घासून घासून त्याला भोक पाडलं. नव्या जिन्याच्या कठड्याचे खांब पुरे झाले. ज्याचं काम तो येऊन बघून गेला, छान छान म्हणाला. त्याच्या छानचं मी काय करू? तू असतीस तर ओले हात पुसत आली असतीस, डोळे मिटून खांबावरून तळवा फिरवला असतास आणि म्हणाली असतीस, 'अजून एक हात.' मग मी चिडलो असतो, पॉलिश पेपर पुन्हा उचलला असता आणि संध्याकाळी तोच खांब मला गालाला लावून बघावासा वाटला असता. पुस्तकात बघून, बोटं कापून घेत मी हे काम शिकलो खरा, पण ते पुरं कधी होतं हे मला तुझ्या तळव्याने शिकवलं. तुला मुकादम म्हणतो ते काय उगीच?

तू निघालीस तेव्हा आठवड्याची बोली होती. ताईला ढास लागते, एकटी आहे, जाऊन येते जरा. मी म्हटलं, जा. पिशवी बसपर्यंत मीच आणली. तू खिडकीतून हात हलवलास, मी घरी आलो आणि लाकूड कातायची लेथ चालू केली, तुझी ती सवत. हे नावही तूच ठेवलेलं. 'जा, गुरगुरायला लागली बघा तुमची, माझ्यापाशी काय बसलाय,' असं म्हणायचीस. तर सवत गुरगुरत राहिली, आठवडा गेला, आठवड्याचा महिना झाला आणि महिन्याच्या शेपटीला दुसरा महिना लागला. ताईचा खोकला काही हटेना.

सुरुवातीला मला ताईंची काळजी वाटली. मधाची बाटली बसच्या कंडक्टरच्या हाती दिली ती काळजीनेच. मग काळजी हळूहळू आटली आणि तळाशी जे उरलं ते काही शोभेसं नव्हतं. मी खोकल्यावर जळायला लागलो. कोणी दुसऱ्याच्या बंगल्यावर जळतो, कोणी बढतीवर. खोकल्यावर जळणारा माणूस मीच पहिला असेन. मला शिंका आल्या की तू 'काही नाही हो' म्हणून पुढच्या कामाला लागायचीस, आणि हेडबाईंच्या घशात जरा खवखवलं तर तू घरदार टाकून तिकडे! शेवटी मी आरशासमोर उभं राहून खोकून पाहिलं. बरा जमला. फोनवर तुला ऐकवलासुद्धा. तू म्हणालीस, 'गरम पाणी प्या,' आणि लगेच सांगायला लागलीस की काल तुम्ही दोघी तळ्यापर्यंत फिरायला गेला होतात. म्हणजे खोकणारी बाई तळ्यापर्यंत जाते, चढ चढून परत येते, आणि नवरा इथे गरम पाणी पीत बसतो.

त्याहून जास्त लागलं ते तुझं हसणं. आठवतंय? तू मला पडद्यांच्या कापडाचं काहीतरी सांगत होतीस आणि मागून हेडबाईंनी टोमणा मारला. माझ्यावरच असणार. तू हसलीस. नुसतं फिस्सकन नव्हे. पोटातून निघालेलं, वर चढत गेलेलं, दम घेऊन पुन्हा सुरू झालेलं. लग्न झालं तेव्हा तू असं हसायचीस आणि शेजारचे भिंतीवर ठोकायचे. मग कधीतरी ते थांबलं. अलीकडे मी काही गमतीचं बोललो की तू रुमाल तोंडाशी धरायचीस आणि पाठ फिरवून मोरीकडे जायचीस. मला वाटलं, आता माझे विनोद शिळे झाले, बाईला ते पाठ झाले, आणि उगाच नवऱ्याचं मन मोडायला नको म्हणून ती रुमाल धरते. मी विनोद कमी केले. तुझ्या लक्षात आलं होतं का? आणि आता तेच जुनं हसणं फोनमधून येत होतं, दुसऱ्या कोणाच्या तरी विनोदावर. तुझं बोलणं संपल्यावर मी फोन ठेवला आणि त्या फोनकडे असा बघत बसलो, जसा काही तो परका पुरुष आहे.

मग मी ठरवलं, हेडबाईंना बरं करायचं. प्रेमाने नव्हे, गैरसमज नको. त्या बऱ्या झाल्या की तुला तिथे राहायला निमित्त उरणार नाही, एवढाच माझा साधा हिशेब. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला गाठलं. म्हटलं, खोकल्याची सगळ्यात जालीम बाटली काढ. तो काउंटरवर कोपरं टेकून म्हणाला, 'काका, खोकला म्हणजे दारावरची घंटा. ती वाजते म्हणून तिला फडकं गुंडाळू नका. दारात कोण उभं आहे ते आधी बघा.' कोरडा की ओला, कधी वाढतो, जेवणानंतर की आडवं पडल्यावर, ताप आहे का, घरात कोणी विड्या ओढतं का, असं विचारत सुटला. मला एकही उत्तर येईना. बाटली दिलीच नाही त्याने. म्हणाला, कोमट पाणी, मधाचा चमचा, मिठाच्या गुळण्या आणि उशाला आणखी एक उशी, एवढ्याने घसा निवतो. वाफ घ्यायची तर गरम पाण्याचं भांडं टेबलावर नीट टेकवून, मांडीवर घेऊन नव्हे. भाजून घेऊन लोक माझ्याकडे मलम मागायला येतात, म्हणाला. सर्दीपडशाचा खोकला असेल तर दोन-तीन आठवड्यांत आपला आपण ओसरतो. त्याहून लांबला, धाप लागली, ताप हटेना, थुंकीत रक्त दिसलं, वजन उतरायला लागलं, तर मग मध चाटत बसू नका, डॉक्टरकडे जा.

म्हणून मी त्या संध्याकाळी फोनवर तुझी उलटतपासणी घेतली. तू जरा अडखळलीस, पण मग इतकं बारीक सांगितलंस की मी चाट पडलो. कोरडा, कफ अजिबात नाही. घशात कुसळ अडकल्यासारखं. सकाळी उठल्यावर ठीक, दिवस चढेल तसा चढतो, झाडताना हमखास येतो. हसायला गेलं की उबळ. आणि रविवारी जवळजवळ नसतोच. मी विचारलं, ताईंनी एवढं सगळं सांगितलं तुला? तू म्हणालीस, 'बघते ना मी रोज.'

रविवारी नसतो म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला, तोही भलतीकडेच. रविवारी हेडबाईंच्या जुन्या विद्यार्थिनी त्यांना भेटायला येतात हे तूच सांगितलं होतंस. म्हणजे रविवारी घर भरलेलं, सोबतीची वाण नाही, म्हणून खोकला रजेवर! बाकीचे दिवस धाकट्या बहिणीला धरून ठेवायला खोकावं लागतं. माझा असा तिळपापड झाला की दुसऱ्या दिवशी मी सरळ म्हटलं, ताईंना फोन दे. त्या आल्या. 'बोला.' आवाज असा खणखणीत, की पटांगणाच्या टोकाची मुलंसुद्धा रांगेत उभी राहिली असती. मी विचारलं, खोकला कसा आहे? पलीकडे काहीतरी कुजबुज, मग कोणीतरी कोणाला तरी ढोसल्यासारखं, आणि मग 'खँ, खँ.' दोनदाच. हजेरीला 'हजर' म्हणावं तसं. 'आहे आपला,' म्हणाल्या, आणि फोन तुझ्या हातात. मी मनात म्हटलं, सापडल्या! एवढ्या मोठ्या हेडबाई, आणि सोंग घेतात, तेही इतकं कच्चं. माझ्या आरशातला खोकला यापेक्षा चांगला होता.

तावातावाने औषधवाल्याकडे गेलो आणि सगळं ओकलो. रविवारचंही सांगितलं, पुरावा म्हणून. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, 'गिरणीत कामाला आहेत का हो त्या बाई? पिठाच्या, कापसाच्या, कसल्याही. असा सुट्टीच्या दिवशी उतरणारा खोकला मी गिरणीतल्या माणसांचा बघितलाय.' हेडबाई आणि गिरणीत! मला इतकं हसू आलं की रस्त्याने येताना लोक बघत होते. घरी येऊन तुला हे सांगायचं म्हणून मी फोनकडेच निघालो होतो. मध्ये स्वयंपाकघर लागलं. मध्ये ते दार लागलं.

ते दार तुला ठाऊक आहे. स्वयंपाकघर आणि माझी कामाची खोली, या दोहोंच्या मधलं. ते आपल्याकडे कधी लावलेलं नसतं. लेथ घरी आणली त्या दिवसापासून ते मी उघडं ठेवलं, कारण तू पलीकडे आहेस, तुझ्याशी बोलता येतं, तुझं भांडं वाजलं तरी बरं वाटतं. मध्यंतरी एकदा तू ते लोटून घेतलं होतंस. मी मशीन बंद करून आत आलो आणि म्हणालो, 'का, कंटाळा आला वाटतं माझा?' आणि तो दिवसभर तोंड फुगवून बसलो. दुसऱ्या दिवशी दार पुन्हा उघडं, आणि तुझा तो रुमाल, तो मला वाटतं तेव्हापासूनच तुझ्या खांद्यावर आला. मी स्वतः काम करताना तोंडाला फडकं बांधतो. पुस्तकात तसं लिहिलं होतं. दारापलीकडे जी बाई उभी आहे तिचं काय, ते पुस्तकात नव्हतं. आणि सहा दिवस मशीन चालते. रविवारी तू मला तिला हात लावू देत नाहीस.

मी फोन केला नाही. आत गेलो आणि तुझी उशी घेतली. तू गेल्यापासून ती तशीच होती, मी ती वापरली नव्हती. खिडकीशी नेऊन तिच्यावर एक थाप मारली. उन्हाच्या पट्ट्यात लाकडाचा भुसा उडाला, बारीक, पिठासारखा, खालीच बसेना. उशीला नाक लावलं. तिला तुझा वास यायला हवा होता, निदान तुझ्या तेलाचा. आला तो कठड्याच्या खांबांचा. मग मी खुळ्यासारखा घरभर फिरलो. कपाटाच्या माथ्यावर, तुझ्या घडी घातलेल्या पांघरुणाच्या आत, साखरेच्या डब्याच्या झाकणावर, जिथे बोट फिरवावं तिथे तेच. तू रोज संध्याकाळी झाडायचीस आणि ते पुन्हा उडून तुझ्याच घशात जायचं. अजून एक हात, असं तू म्हणायचीस तेव्हा तुला ठाऊक असायचं की तो हात फिरला की तुझी संध्याकाळ कशी जाणार. तरी म्हणायचीस.

आता सांगतो, कशाची लाज वाटली. एवढे दिवस मी तुझ्या सख्ख्या बहिणीवर जळलो, तिच्या घशावर जळलो, तळ्यावर जळलो, फोनवर जळलो. आणि खरोखर कोणी जळायला हवं होतं तर ते तू. सवत घरात आणली मी, तिला आतली हवेशीर खोली दिली मी, तिच्यासाठी दार उघडं ठेवलं मी, आणि तू तिचं नुसतं चेष्टेचं नाव ठेवून गप्प राहिलीस. मला सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी लेथ विकून मोकळा झालो असतो. हे तुला पक्कं माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नाहीस. होय ना? मग मुकादमाने तोडगा काढला. खोकला बहिणीच्या नावावर चढवला आणि त्याच्यासकट घराबाहेर पडली. पण मुकादम, एक चूक झाली. इतक्या दिवसांत, इतक्या फोनवर, मागे नाही की पुढे नाही, मी तिथे एकदाही कोणी खोकताना ऐकलं नाही. हेडबाईंचे ते दोन 'हजर' सोडले तर. ज्या घरात खोकलाच नाही त्या घराच्या खोकल्यावर मी जळत होतो.

आणि हसणं. त्याचा उलगडा मला सगळ्यात शेवटी झाला, भिंतीला टेकून बसलो होतो तेव्हा. हसायला गेलं की उबळ, असं तू म्हणाली होतीस. म्हणजे माझे विनोद शिळे नव्हते! तू रुमालात हसू दाबत होतीस, कारण हसलीस की खोकला, आणि खोकला मला ऐकू गेला की मी विचारणार. तिकडच्या स्वच्छ हवेत हेडबाईंच्या पांचट टोमण्यावरसुद्धा तुला पोटभर हसता येतं. त्यात त्यांची काही मर्दुमकी नाही, हवेची आहे. हे कळल्यावर मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. आणि तरी, खरं सांगतो, पोटात अजून दुखतंच. ते हसणं रोज त्यांना फुकट मिळतं.

तर पत्र कशासाठी, ते ऐक. लेथ मी विकलेली नाही. विकली असती तर तू मला आयुष्यभर बोल लावला असतास. लाकडाच्या वखारीच्या मागे एक शेड आहे, तिन्ही बाजूंनी मोकळी. तुझी सवत आता तिथे नांदते. मी सकाळी डबा घेऊन जातो, संध्याकाळी कपडे तिथेच बदलून, हातपाय धुऊन घरी येतो, बाहेरख्याली नवऱ्यासारखा. घर मी झाडलं नाही, पुसलं. ओल्या फडक्याने, छताच्या कोपऱ्यापासून, पुन्हा पुन्हा, पाणी नितळ निघेपर्यंत. पडदे धुतले, गाद्या उन्हात टाकल्या, तुझी उशी टाकून दिली आणि नवी आणली. माझ्या कामाच्या खोलीत आता नुसती खिडकी आहे. औषधवाला म्हणतो, हा सगळा आपला अंदाज, इतका लांबलेला खोकला एकदा डॉक्टरला दाखवायलाच हवा. तेव्हा तिथेच जा, ताईंना बरोबर घे आणि त्यांचा नव्हे, तुझा म्हणून दाखव. मग ये. राहायला नको, नुसती तपासणीला ये, खांब तपासायला यायचीस तशी. दारात उभी राहा, तळवा फिरव, श्वास घे. घसा खवखवला तर 'अजून एक हात' म्हण आणि पुढच्या बसने परत जा; मी पुन्हा पुसायला घेईन, आणि तरीही नाहीच जमलं तर मी तिकडे येऊन राहीन आणि रोज हेडबाईंसमोर उभा राहीन. हे पत्र वाचून झाल्यावर फोन कर, पण काही समजावून सांगू नकोस. मी एक विनोद तयार ठेवलाय, हेडबाईंच्या खोकल्यावरचाच. तो ऐक, रुमाल बाजूला ठेव आणि शेवटपर्यंत हस. दम घेऊन पुन्हा. या वेळी माझ्यासाठी.

तुझाच, अजूनही थोडा जळणारा,
हाताखालचा माणूस